आमचा पांढरा चौकोन

२ मार्च

आयुष्यभर जी पत्रं लिहिली ती खुशाली विचारूनच सुरू केली, तेव्हा या कोऱ्या वहीलाही तीच रीत. आधी सगळ्यांची विचारपूस.

ही कशी आहे? बरी आहे, फक्त सकाळी उठली की कपाळ धरून बसते. नव्या चष्म्याचा नंबर चुकलाय असं माझं मत. माझी बडबड वाढलीय असं तिचं. मांजर कशी आहे? म्हातारी झाली. तोंडातून लाळ गाळते, मागचे पाय लटपटतात, तरी दुधाचं भांडं वाजलं की तरणीताठी होते. परसातली मधमाश्यांची पेटी? तिथे यंदा सामसूम आहे. थंडी लांबली, त्याचा परिणाम असावा. आणि मी? मी ठणठणीत. बोटांना मुंग्या येतात आणि चिमट्यात बारीक स्क्रू धरवत नाही एवढंच. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा हात हलायला लागला की त्यानं गिऱ्हाइकांवर दया करावी आणि घरी बसावं. म्हणून दुकान बंद केलं. म्हणून ही वही.

लेकीचं शेवटी ठेवलं, कारण गोड शेवटी खातात. लग्नाला बरीच वर्षं झाली, एकदा तिसऱ्या महिन्यातच सगळं हातचं गेलं, आणि आता पुन्हा दिवस गेलेत. सहावा लागलाय. हिनं लोकर आणलीय. रंगावरून आमचं भांडण चालू आहे.

७ मार्च

जावई मालट्रक चालवतो, त्यामुळे स्वतःच्या घरीही पाहुण्यासारखाच येतो. आज इकडे आला तो जुना संगणक घेऊन. म्हणाला, बाबा, तुम्हाला एक नकाशा दाखवायचाय.

नकाशा शेतीखात्याचा आहे. सगळा मुलूख बुद्धिबळाच्या पटासारखा चौकोनांत कापलेला. एका बाजूला फवारणीच्या औषधांची यादी. नावं अशी की उच्चारताना कवळी निसटावी. एक औषध निवडायचं, खालची वर्षांची पट्टी सरकवायची, की चौकोन रंगत जातात. थोडं मारलं असेल तर पिवळसर, जास्त असेल तर नारिंगी, आणि फारच असेल तर वाळलेल्या रक्तासारखा काळपट तांबडा. चौकोनावर टिचकी मारली की शेजारी पाटी उघडते: कोणतं औषध, किती किलो, कोणत्या महिन्यात. घड्याळाचं मागचं झाकण पहिल्यांदा उघडलं होतं तेव्हा जसा श्वास अडकला होता, तसं झालं मला.

मग जावयानं स्वतःचं घर दाखवलं. ती दोघं गावाच्या पलीकडे, मालधक्क्याजवळच्या गोदामांच्या रांगेमागे राहतात. त्यांचा चौकोन काळपट तांबडा. आजूबाजूचे सगळे साधे, तो एकच तसा, अंगावर फोड उठावा तसा. जावयानं पट्टी मागे नेली, पुढे आणली. दर वर्षी तेच.

मी म्हटलं, आमचं घर दाखवा. आमच्या परसाला लागून फळबागा, तेव्हा मनाची तयारी केलेली होती. पण आमचा चौकोन पांढरा निघाला. शुभ्र. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, पांढरा म्हणजे नोंद नाही. नोंदच नाही म्हणजे मारलंच नाही, सरळ हिशेब आहे. मग आठवलं, बागांच्या फवारणीचं काम हिच्या धाकट्या भावाकडे आहे, आणि मेहुणा मागेच म्हणाला होता की तुमच्या कुंपणाशी मी झाडांना फक्त पोषणाचं पाणी मारतो. नकाशानं त्याच्या शब्दावर शिक्का मारला.

मी जावयाला सांगितलं, तुम्ही महिनोन्महिने रस्त्यावर, ती त्या तांबड्या चौकोनात एकटी. तिला इकडे पाठवा. त्यानं संगणक माझ्याकडेच ठेवला. जाताना वाकून नमस्कार केला. नेहमी करत नाही.

१२ मार्च

लेक आली. मागची खोली तिला दिली. खिडकी बागेकडे उघडते, दिवसभर वारं. हिला इतकं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

२० मार्च

मी आता नकाशातला दर्दी झालोय. ही म्हणते, दुकान बंद केलं आणि ज्योतिषाचं सुरू केलं. दोघे-तिघे आपापला चौकोन विचारून गेले. आज कोपऱ्यावरच्या पाळणाघरवाल्या बाई आल्या. त्यांचं अंगण बागेच्या बाजूला आहे, मुलांना तिथे खेळू द्यावं की नाही असा त्यांना घोर. त्यांना कधीकधी वास येतो म्हणे. त्यांचं घर आमच्याच चौकोनात पडतं. मी दाखवलं, औषध बदलून बदलून दाखवलं, सगळी वर्षं दाखवली. पांढरं. बाईंचा जीव भांड्यात पडला. मुलांसाठी वाळूचा हौद कुंपणापाशीच करणार आहेत.

एखाद्याच्या मनातली भीती काढता येते यासारखं सुख नाही.

२९ मार्च

सकाळी बागेत ट्रॅक्टर फिरत होता, मागे पंख्यातून पांढरे फवारे. उन्हात छान दिसतात. लेक परसात खुर्ची टाकून बसली होती, उठून आत आली. म्हणाली, बाबा, कसलातरी वास येतोय, सडक्या लसणासारखा, मला मळमळतं. मी म्हटलं, पोरी, या दिवसांत फुलांचाही वास सहन होत नाही, तुझ्या आईला तर माझा व्हायचा नाही. ही आतून म्हणाली, अजून कुठे होतोय.

तरी लेकीचा चेहरा उतरलेलाच. मग संगणक लावला आणि पुन्हा सगळं दाखवलं. तुझं तिकडचं घर बघ, आणि हे बघ. ती बराच वेळ त्या पांढऱ्या चौकोनाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, असेल माझ्याच नाकाचा दोष. बाहेर जाऊन बसली.

घड्याळजीच्या घरात वाढलेली मुलगी. काट्यावर विश्वास ठेवायला मीच शिकवलंय तिला.

६ एप्रिल

मधमाश्यांची पेटी उघडली. तळाशी थर. एकही जिवंत नाही. हिला सांगितलं नाही.

११ एप्रिल

लेकीला तपासणीला नेलं. बाळाची वाढ असायला हवी त्यापेक्षा कमी आहे. फार नाही, पण कमी. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या आहेत, उगाच घाबरवत नाहीत. खाणं विचारलं, झोप विचारली. मग विचारलं, घराजवळ शेतीची फवारणी होते का.

लेकीनं तोंड उघडायच्या आत मीच उत्तर दिलं. खिशात नकाशाची छापील प्रत होतीच, घडी उलगडून टेबलावर ठेवली. त्यांनी पाहिलं, बरं केलंत म्हणाल्या, प्रत परत दिली आणि पुढचा प्रश्न विचारला. परतताना लेक बसच्या खिडकीला डोकं टेकून होती. मी म्हटलं, अगं, काही बाळं जन्मतः लहान असतात, तूही मुठीएवढी होतीस. ती म्हणाली, हो बाबा.

हिनं आजपासून तिच्या ताटात दुप्पट वाढायला सुरुवात केलीय.

१९ एप्रिल

दुपारी मेहुणा आला. भाचीसाठी टोपलीभर फळं आणली होती. लेक आत झोपलेली, ही टोपली घेऊन स्वयंपाकघरात गेली, आणि मी मोठ्या तोऱ्यात नकाशा उघडला. माणूस दिलदार आहे, चेष्टेखोर आहे. खुर्ची ओढत म्हणाला, "काय भावोजी, या वयात संगणकावर पट मांडलाय?"

मी त्याला लेकीचा चौकोन दाखवला. म्हटलं, बघा, पोरीला कुठून उचलून आणलंय. तो पुढे वाकला आणि हसायलाच लागला, हसता हसता खोकला.

"अहो, तिथे एक झाड तरी आहे का? ते माझं गोदाम आहे."

म्हटलं, मग हा रंग?

"रंग गोदामाचाच. फवारणी झाली की खात्याला कळवायचं असतं, काय मारलं, किती मारलं, कुठे मारलं. मी काम उरकून गोदामात बसतो आणि फोनवरून कळवतो, तर जागा म्हणून फोन आपोआप गोदामच धरतो. एकेका बागेचा चौकोन कोण हुडकत बसणार? आकडा माझा चोख असतो. खात्याला आकडा हवा. सगळेच असं करतात."

मी विचारलं, "मग हे एवढं मारता कुठे?"

त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. अंगठा खांद्यावरून खिडकीकडे केला. "हे काय, इथेच. ओढ्यापासून तुमच्या कुंपणापर्यंत."

माझ्या तोंडून निघालं, तुम्ही तर पोषणाचं पाणी म्हणाला होता. तर म्हणाला, पोषणाचंच, त्याच टाकीत औषधही मिसळतो, एका फेरीत दोन कामं होतात. "आणि तुमच्या कुंपणाशी दुसऱ्या कुणाला येऊ देत नाही, ट्रॅक्टरवर स्वतः बसतो. ताईचं घर आहे माझ्या."

ही बाहेर आली ती चहा घेऊन. चहा घेताना त्याची कपबशी सारखी वाजत होती. मला वाटलं, हात थरथरणं खानदानातच असेल. मग आठवलं की तो हिच्या खानदानातला, माझ्या नाही.

२० एप्रिल

तांबडा चौकोन साफ होता. मी तिला पांढऱ्यात आणलं.

२३ एप्रिल

हिला सांगितलं. भाजी निवडत होती, हात थांबले. म्हणाली, भाऊ खोटं बोलला नाही. म्हटलं, नाही बोलला. पुन्हा म्हणाली, त्याच्या हातून मुद्दाम काही झालं नाही. म्हटलं, नाही झालं.

मग तिनं माझा हात धरला. पोरीला आत्ताच सांगू नका. सातवा सरत आलाय, धसका घेईल. भावाला मी सांगते, थोडे दिवस ट्रॅक्टर आणू नको म्हणून. एकच भाऊ आहे मला.

मी हो म्हटलं. लेक दुपारी मला म्हणाली, बाबा, आज गप्प का. म्हटलं, दाढ दुखतेय.

२५ एप्रिल

हिचा भाऊ म्हणाला, फुलं गळून फळं धरण्याचे हेच दिवस, आता थांबलो तर बागवाले मला दारात उभं करणार नाहीत. पण हलक्या हातानं मारीन. ताई, तुझी शपथ.

जावयाला फोन लावला आणि लेकीची तब्येत बरी आहे एवढंच सांगून ठेवून दिला.

पाळणाघरावरून गेलो. वाळूचा हौद झालाय. पोरं वाळूत हात घालून घरं बांधत होती. बाईंनी हात हलवला. मीही हलवला आणि पुढे गेलो. काय माणूस आहे मी.

२८ एप्रिल

सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला तसा मी धावलो. मागच्या खोलीची खिडकी लावली, टॉवेल भिजवून फटींत कोंबू लागलो. दाराखालच्या फटीत कोंबताना मागून आवाज आला.

"बाबा, काय करताय?"

म्हटलं, वारं बाधेल तुला. ती म्हणाली, इतके दिवस तर तुम्हीच खिडकी उघडून जात होता. मी गुडघ्यांवर बसलो होतो, उठता येईना. तसाच बसून सगळं सांगितलं. गोदाम, फोन, टाकी, अंगठा. कधी कळलं तेही सांगितलं. नऊ दिवस झाले होते.

ती ओरडली नाही. खाटेच्या कडेवर बसली, दोन्ही हात पोटावर.

"तिकडे मला एकदाही वास आला नाही. इथे रोज येत होता. मी सांगत होते ना तुम्हाला."

म्हटलं, हो.

"तुम्ही मला नकाशा दाखवलात. आणि मग मला वाटलं, माझंच नाक वेडं."

ही दारात येऊन उभी होती. लेकीनं तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, तुला ठाऊक होतं?" हिनं पदर तोंडाला लावला. एवढं उत्तर पुरलं.

२९ एप्रिल

जावई ट्रक वाटेत सोडून आला. मला वाटलं होतं, चार शब्द सुनावेल, सुनावले असते तर बरं झालं असतं. त्यानं सामान उचललं. संगणक नेला नाही. लेक रिक्षात बसताना मी डोक्यावर हात ठेवायला गेलो, तर तिनं मान किंचित बाजूला केली. रागानं नसेल. ओढणी सरळ करायची असेल.

विणलेलं सगळं टेबलावर राहिलं. पिवळ्या रंगाचं. त्या भांडणात मी जिंकलो होतो.

३० एप्रिल

पाळणाघरवाल्या बाईंना सांगितलं. त्यांनी पोरांना एकेक करून आत घेतलं आणि दार लावलं. दाराबाहेर मी आणि वाळू.

३ मे

ही म्हणाली, झालं ते झालं, आता भावाला कशाला अडकवता. मी म्हटलं, अजून इथे लोक राहतात. पाळणाघरात सकाळी पोरं येतात. आणखी कुणीतरी नकाशा बघेल आणि लेकीला घरी आणेल. ती म्हणाली, त्याच्या पोटावर पाय द्याल. म्हटलं, देईन. यावर ती जे बोलली ते वहीत लिहायचं नाही.

९ मे

शेतीखात्याच्या कचेरीत गेलो. खिडकीवरच्या बाईंना वाटलं, म्हातारा आपल्या चौकोनात जास्त दाखवलंय म्हणून भांडायला आलाय. लोक तेवढ्यासाठीच येतात म्हणे. मी म्हटलं, आमचा चौकोन खोटा स्वच्छ आहे, तो घाण करून द्या. त्यांनी आतल्या साहेबांना बोलावलं.

साहेबांनी नकाशा उघडला, गोदामाचा चौकोन मोठा केला. मग अशीच एकटी तांबडी ठिकाणं दुसरीकडेही दाखवली, एकापाठोपाठ एक. सगळी गोदामं. त्यांचा चेहरा पडला. मग हळूच म्हणाले, आजोबा, तक्रारीत फवारणी करणाऱ्याचं नाव लागेल. मी मेहुण्याचं नाव सांगितलं. नातं विचारलं, तेही सांगितलं.

२ जून

मेहुण्याचा परवाना या हंगामापुरता थांबवला. तो फाटकाशी आला होता. शिव्या द्यायला आला असेल असं वाटून मी बाहेर गेलो. तर म्हणाला, "भावोजी, माझ्या घराला तर दोन्ही बाजूंनी बागा आहेत." त्याला धाकट्या दोन मुली आहेत. मी फाटक उघडलं, पण तो आत आला नाही. ही खिडकीतून बघत होती. तिनं त्याला हाक मारली नाही. माझ्याशीही ती बोलत नाही, जेवायला वाढते आणि ताट सरकवते.

लेकीचा फोन लागत नाही. जावई उचलतो, ठीक आहे म्हणतो आणि गाडी चालवतोय म्हणतो.

१४ जून

आज ही पानं पत्र म्हणून लिहितोय. उद्या फाडून पाकिटात घालीन.

पोरी,

फोनवर तुला माझा आवाज नको असेल हे समजू शकतो, म्हणून कागद. कागद हवा तेव्हा बाजूला ठेवता येतो.

खात्यानं नकाशा दुरुस्त केला. आज बघितला. आमचा चौकोन आता काळपट तांबडा आहे, मागच्या सगळ्या वर्षांसकट. पट्टी कितीही मागे न्यावी, तांबडाच. तू बारा वर्षांची होतीस त्या वर्षापर्यंत नेली, आणखी मागे न्यायला हात धजला नाही. तुझ्या तिकडचा रंग उतरलाय. एवढ्याशा पिवळ्या छटेवर आलाय. तू आहेस ती जागा बरी आहे, असं नकाशा म्हणतो.

पण मी स्वतः तसं काही सांगत नाही. डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. त्यांच्यापुढे तो कागद मी ठेवला होता, तो चुकीचा होता हे सांगायला. त्यांनी लिहून घेतलं. मी विचारलं, यामुळेच वाढ कमी झाली का. म्हणाल्या, यामुळे असेल, नसेलही, कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. हे उत्तर मला जन्मभर पुरेल.

तुझी आई माझ्याशी बोलत नाही. तुझ्याशी बोलायला तिचा जीव कासावीस होतो, पण लाज वाटते. तिला दोष देऊ नकोस. एका हातात भाऊ, एका हातात लेक, बाईमाणसानं कुठला हात सोडायचा? मी तर मोकळ्या हातांचा होतो, तरी नऊ दिवस गप्प बसलो.

तुला नववा लागला असेल. इकडे ये असं आता कुठल्या तोंडानं म्हणू? आम्ही तिकडे यावं का, हेही विचारत नाही. तू बोलावलंस तर पहिल्या गाडीनं येऊ, नाही बोलावलंस तर इथेच बसू.

लवकर लिही. लांबलचक नको, बाळ हलतंय का एवढं एकच लिही. मला आता कुठल्या काट्यावरून, कुठल्या रंगावरून काही ओळखायचं नाही, तू सांगशील तेच खरं धरीन. लिहवत नसेल तर जावयांना सांग, ते लिहितील. आणि बातमी वाईट असली, तरी लिही. माझ्यापासून लपवून ठेवू नकोस, पोरी. मी ठेवलं तसं.

तुझा,
बाबा